ट्रॅक्टर धुतला तेव्हा

आमच्याकडं ट्रॅक्टर नीट धुतात तो वर्षातनं एकदाच, खंडेनवमीला. एरवी मोटारीच्या पायपाखाली उभा करायचा, चाकांचा चिखल सुटला की झालं. खंडेनवमीला मात्र कोयता, खुरपं, टिकाव, पाटा-वरवंटा यांच्याबरोबर त्याचीही आंघोळ होते, हळद-कुंकू लागतं, झेंडूचा हार पडतो. बेंदराला बैल आणि खंडेनवमीला लोखंड, अशी आमची वाटणी. २००१ साली ट्रॅक्टर दारात आला तेव्हापासून ही रीत कधी मोडली नाही. फक्त २०१८ ला मोडली. पाऊस गेला होता, गावात टँकर सुरू झाला होता आणि मी बादली उचलली तशी कारभारीण म्हणाली, "माणसांना घागरी मोजून आन् लोखंडाला आंगुळ?" त्या वर्षी ओल्या फडक्यावर भागवलं. ट्रॅक्टर काही बोलला नाही. पुढच्या उन्हाळ्यात सांगोला तालुक्यात जागोजागी चारा छावण्या पडल्या, तेव्हा तिचं बोलणं जास्तच पटलं.

पण मला सांगायचंय ते धुणं खंडेनवमीचं नव्हे. ते मार्च २०२२ मधलं आहे. ट्रॅक्टर विकायचा होता म्हणून धुतला. पूजेसाठी धुतो तेव्हाचं पाणी आणि विकायला धुतो तेव्हाचं पाणी एकाच विहिरीचं असतं. फडकं तेच, हात तोच. मग ही दोन धुणी एकच म्हणायची का? मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस, असल्या प्रश्नाला पुस्तकात काय नाव आहे मला माहीत नाही. पण या प्रश्नानं मला बरेच दिवस धरून ठेवलंय.

विकायचं कारण साधं होतं. माझी तीन एकर भगवा डाळिंबाची बाग होती. त्या बागेवर पोरगा शिकला, पोरीचं लग्न झालं, घराला स्लॅब पडला. आधी तेल्यानं एक एकर खाल्ली. मग २०२१ च्या पावसानंतर पिन होल बोरर म्हणतात ती खोडकीड आली. खोडाला सुईनं टोचावं तशी बारीक भोकं दिसायची, आणि दोन-तीन महिन्यांत झाड उभं वाळायचं. आमच्या भागात त्या साली ज्यांच्या बागा गेल्या त्यांची मोजदाद करण्यापेक्षा ज्यांच्या राहिल्या त्यांची करणं सोपं. मीही बाग उपटली. बाग गेल्यावर फवारणीचा ब्लोअर बंद, मालाची वाहतूक बंद. उरलेल्या ज्वारी-मक्याला भाड्याचा ट्रॅक्टर पुरतो. सोसायटीचा हप्ता मात्र कुणाच्या बागेकडं बघत नाही.

पोरगा चाकणला कंपनीत आहे. त्याची चारचाकी आहे, दर रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो ती स्वतः धुतो, वॅक्स लावतो. बापाला बैल धुताना बघितलेलं पोर, ती सवय तिकडं त्या गाडीवर गेली असं मी समजतो. तो म्हणाला, "अण्णा, असा मळका दाखवू नका. दोन दिवस घालवा, धुवा, रबिंग करा, वॅक्स मारा. वीस-पंचवीस हजाराचा फरक पडतो." आणि एसटीच्या पार्सलनं त्यानं एक वॅक्सची डबी, एक रबिंगची ट्यूब आणि मऊ फडकी पाठवून दिली. डबीवर ताडासारख्या झाडाचं चित्र होतं. पोरानं फोनवर सांगितलं की हे मेण ब्राझील देशातल्या एका ताडाच्या पानावरचं आहे. उन्हाळ्यात पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून ते झाड पानावर मेणाचा थर धरतं. मला ते ऐकून बरं वाटलं. झाड मेण धरतं ते पाणी राखायला, कुणाला दाखवायला नव्हे.

दोन दिवस ते काम चाललं. ज्यांनी कधी केलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोठं वाहन हातानं धुणं म्हणजे पाणी ओतणं नव्हे. गरम इंजिनावर गार पाणी मारलं तर लोखंड तडकायची भीती, म्हणून रात्रभर थंड झालेला ट्रॅक्टर सकाळी सात वाजता चिंचेच्या सावलीत घेतला. बॅटरीची वायर सोडली. सायलेन्सरच्या तोंडाला, एअर क्लीनरला, डायनामोला आणि सेल्फला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. मडगार्डाखालची काळी माती वाळून विटेसारखी झालेली असते. ती खुरप्यानं काढायला गेलं तर पत्र्याचा रंग जातो, म्हणून आधी ओलं पोतं तासभर ठेवून ती भिजवली आणि बाभळीच्या चपट्या काठीनं सोडवली. मग गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकच्या अंगाला बसलेलं ग्रीस-धुळीचं कातडं डिझेलच्या ब्रशनं. ते झाल्यावर वरून खाली साबण. कपड्याचा सोडा वापरायचा नाही, रंग मरतो. डोक्याचा शाम्पू बरा. दोन बादल्या ठेवायच्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायचं. नाहीतर पहिल्या हातात निघालेली खडी दुसऱ्या हाताला पत्र्यावर ओरखडे काढत फिरते. हे सगळं पोरानं फोनवर सांगितलं, आणि बैल धुताना आम्ही यातलं निम्मं करतच होतो.

पाणी किती लागलं ते सांगायलाच पाहिजे, आमच्या भागात ते विचारलं जातं. बादल्यांनी केलं म्हणून सगळं मिळून एका टिपाडाच्या आत झालं. पाईप लावून मोटार सुरू केली असती तर तेवढं पाणी हात ओला व्हायच्या आतच वाहून गेलं असतं. धुतल्यावर सगळ्या निप्पलांत ग्रीस गननं नवं ग्रीस भरायचं, कारण पाणी जुन्या ग्रीसला ढकलून आत शिरतं. ते न करणारा माणूस ट्रॅक्टर धूत नाही, गंजवतो.

पण यातलं खरं काम हाताचं असतं. तेवीस नाही, पुरी एकवीस वर्षं मी त्या ट्रॅक्टरवर बसलो, पण त्याच्या अंगावरनं असा हात फिरवला नव्हता. खंडेनवमीचं धुणं कितीही मनापासून केलं तरी गडबडीतलं. विकायला काढल्यावर मी त्याचा इंच न् इंच बघितला. पुढच्या जाळीवर आणि रिमांवर बोर्डोचे निळसर पांढरे डाग. मोरचूद लोखंड खातं, म्हणून आम्ही बोर्डो नेहमी प्लास्टिकच्या पिंपात कालवतो. पण फवारा उडायचा तिथं उडालाच होता, आणि डागाखाली पत्र्याला देवीच्या वणासारखी बारीक भोकं पडली होती. डाव्या मडगार्डाला चेप होता, पोरगा पंधरा वर्षांचा असताना त्यानं चोरून ट्रॅक्टर काढून गोठ्याच्या खांबावर घातला होता तेव्हाचा. मारलं होतं मी त्याला. उजव्या मडगार्डावर रंग घासून पत्रा गुळगुळीत झालेला, तिथं कारभारीण बसायची, शेताला जाता-येता. आणि ट्रॉलीच्या फाळक्याला एक कडी. आईला शेवटचं दवाखान्यात नेलं त्या रात्री तिनं ती कडी धरली होती आणि उतरवताना सोडत नव्हती.

बॉनेटचा तांबडा रंग पार मेला होता. रबिंग घासायला लागलो तर फडकं गुलाबी झालं. मला वाटलं रंगच निघून चाललाय. पोरगा म्हणाला, "तो वरचा मेलेला रंग आहे अण्णा, खाली जिवंत आहे." आणि होता. वॅक्स अगदी पातळ लावायचं, गोल गोल हात फिरवत, उन्हात नाही. थोड्या वेळानं त्याच्यावर धुकं धरल्यासारखं होतं, मग कोऱ्या फडक्यानं ते पुसून काढायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॉनेटमध्ये चिंचेच्या फांद्या दिसत होत्या. शेजारपाजारचे बघून गेले. मी खोटं कशाला बोलू, छाती भरून आली. जाणारा माणूस हाय म्हणून आंघोळ घालावी तसं वाटलं, आणि नवरदेव नटवावा तसंही वाटलं.

त्या रात्री चाचणी म्हणून तासभर इंजिन चालू ठेवलं. सकाळी उठून बघतो तर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथं, क्लच हाऊसिंगच्या तळाला, ते छोटं भोक असतं, त्यात कॉटर पिन अडकवलेली असते, त्या पिनेच्या टोकाला एक थेंब. काळा, पातळ. म्हणजे गिअरचं नव्हे, इंजिनाचं ऑईल. मागचं सील गेलेलं.

हे भोक काही मी पहिल्यांदा बघितलं नाही. पण त्याच्याभोवती इतकी वर्षं धुळीचा आणि ऑईलचा लगदा बसलेला, त्यातनं थेंब पडतोय की जुनाच मळ आहे, कळायला मार्ग नव्हता. आणि खरं सांगायचं तर कळून घ्यायची इच्छाही नव्हती. दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक काढायची, अर्धा लिटर ओतायचं आणि म्हणायचं, जुनं यंत्र आहे, पितं थोडं. मळ होता तोवर मला 'माहीत नाही' म्हणता येत होतं. स्वच्छ लोखंडावर तो थेंब उभा राहिला आणि माझी ती सोय गेली. हातानं धुण्यात हा एक धोका आहे. कुणी सांगत नाही.

ते सील एवढंसं असतं, पण ते बदलायला ट्रॅक्टर मधून तोडावा लागतो. म्हणजे पुढचा भाग आणि मागचा भाग वेगळे करायचे. एकदा उघडलं की क्लच प्लेट दिसते, बेअरिंग दिसतं, मग मिस्त्री म्हणतो उघडलंच आहे तर हेही टाकू. खर्च वीस हजाराच्या पुढं जातो. दुरुस्त करून मग विकणं हा सरळ रस्ता होता, ते मला तेव्हाही कळत होतं. पैसे नव्हते. असते तर विकला कशाला असता? मिस्त्रीला विचारलं. तो हसला. म्हणाला, "गिऱ्हाईक यायच्या आदी पुसून ठेवा. तासभर चालवल्याबिगर थेंब धरत न्हाय. तासभर कोण चालवतंय?"

तेव्हा मला पाखऱ्या आठवला.

पाखऱ्या आमचा खिलार बैल. १९८२ सालची गोष्ट, मी बावीस वर्षांचा. दिसायला असा की माणूस वाटेत थांबून बघायचा. पण बश्या. सकाळी दोन तास पाणी तोडल्यासारखा चालायचा, आणि ऊन चढलं की तासातच मटकन बसायचा. शेपूट पिळा, टोचा, उठायचा नाही. आबांनी तो सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात काढायचं ठरवलं. शनिवारी रात्री आम्ही बापलेकांनी त्याला विहिरीवर रिठ्याच्या पाण्यानं धुतला. काचेच्या तुकड्यानं शिंगं तासली, तेल लावलं, गोंडे बांधले. बेंदराला करतो तसंच सगळं. पहाटे गारव्यातच बाजार गाठला, म्हणजे तो बसायचा प्रश्नच नाही. जत बाजूचा एक शेतकरी आला. त्यानं दात बघितले, चौसा होता. चालवून बघितला, वशिंडावर हात ठेवला. "मारका न्हाय न्हवं?" आबा म्हणाले, "लेकरानं पायात खेळावं." ते खरं होतं. रुमालाखाली बोटं धरली, सौदा झाला, भाव चांगला आला. आबांचा नेम होता, विचारलं तर खोटं सांगायचं नाही. न विचारलेलं सांगायचं नाही. विचारणाऱ्यानं विचारावं. त्या माणसानं मारका आहे का विचारलं, बसतो का विचारलं नाही.

सहा महिन्यांनी तो माणूस आमच्या दारात आला. मला वाटलं आता भांडणं. त्यानं पाणी मागितलं. आईनं तांब्या दिला, तो उभ्यानंच प्याला. मग म्हणाला, "बैल पेरणीत बसला." एवढंच. पैसे मागितले नाहीत, शिवी दिली नाही. आबा म्हणाले, जेवून जावा. तो म्हणाला, "न्हाय, लांब जायाचं हाय." आणि तांब्या पालथा ठेवून गेला. आबा बराच वेळ गोठ्यात रिकाम्या दाव्याजवळ बसून राहिले. रात्री आई चुलीपाशी हळू आवाजात म्हणाली, "तोंडानं न्हाई बोलला तुम्ही खोटं. हातानं बोललाच की."

आबा वाईट माणूस नव्हते. हे मला ठासून सांगायचंय, कारण पुस्तकात छापलं की माणूस एका गोष्टीपुरता उरतो. बहात्तरच्या दुष्काळात त्यांनी खडी फोडून मिळालेल्या पैशातून शेजारच्या विधवेचं जोंधळ्याचं देणं फेडलं होतं. आणि बाजारात सगळेच तसे वागायचे. आजही वागतात. डाळिंबाच्या बॉक्समध्ये वरच्या थराला कोणती फळं भरायची आणि खालच्या थराला कोणती, हे मी कुणाकडून शिकलो नाही आणि पोराला शिकवावं लागलं नाही. व्यापारी फसवतो म्हणून आम्ही बोंबलतो. पण वरचा थर आम्हीच लावतो ना? व्यापाऱ्याला ते माहीत असतं, म्हणून तो खालचं फळ बघितल्याशिवाय बोलत नाही. दोघांनाही माहीत असलेली लबाडी ही लबाडी राहते का, ती बाजाराची भाषा होते, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलंय. लग्नात नवरी नटते, तिला कुणी फसवणूक म्हणत नाही. सगळ्यांना ठाऊक असतं की ही रोज अशी दिसत नाही. तसं वॅक्सचं आहे. आरसी बुकावर २००१ लिहिलेलं आहे, मी बॉनेट कितीही चमकवलं तरी ट्रॅक्टर कालचा होत नाही. चमक ही चमक म्हणूनच विकली जाते. इथपर्यंत माझं मन मला सोडून द्यायला तयार होतं. पण थेंब पुसून ठेवणं या हिशेबात बसेना. तो समोरच्याला माहीत नव्हता. मला होता.

माझा एक वर्गमित्र वकिलाकडं कारकून होता. त्याला सहज म्हणून विचारलं, कायदा काय म्हणतो? त्यानं करार कायद्याचं पुस्तक काढलं, १८७२ सालचा कायदा, अजून चालू आहे. त्याच्या सतराव्या कलमात चक्क घोड्याचं उदाहरण दिलंय. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला माहीत आहे, तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. मी मनात म्हटलं, आबा सुटले. मित्र म्हणाला, थांब, पुढं आहे. घेणारी त्याची स्वतःचीच मुलगी असेल, नुकती कायद्यानं सज्ञान झालेली, तर मात्र त्यानं सांगायला पाहिजे, कारण नातं तसं आहे. आणि तिसरं उदाहरण असं, की घेणारा म्हणाला, 'तुम्ही नाही म्हणत नाही तोवर मी घोडा चांगला धरतो,' तर मग गप्प बसणं हे बोलण्यासारखंच.

मी चहा पीत ते ऐकत होतो. कायदा लिहिणाऱ्यांनी किती विचार केला असेल याचं आश्चर्य वाटलं, आणि रागही आला. लेकीला सांगायचं, परक्याला नाही. लेकीला सांगितलंच पाहिजे असं ज्या अर्थी त्यांना वाटलं, त्या अर्थी न सांगण्यात काय असतं हे त्यांना पुरतं कळलेलं होतं. मग परका म्हणजे कोण? आमच्या मुलखात अनोळखी माणसालाही नातं लावल्याशिवाय कुणी हाक मारत नाही. ती नुसती बोलायची पद्धत म्हणायची, की त्याला काही अर्थ आहे?

चार दिवसांनी गिऱ्हाईक आलं. तेही जत बाजूचंच, याला काय म्हणावं. पंचविशीतला पोरगा, सोबत त्याचा चुलता. कोरडवाहूला पाणी आलंय, पहिलाच ट्रॅक्टर घ्यायचाय, असं सांगत होता. आल्या आल्या म्हणाला, "मामा, ट्रॅक्टर बघायला आलतो." मामा. ट्रॅक्टर बघून त्याचे डोळे फिरले. बॉनेटवर हात फिरवून त्यानं चुलत्याकडं बघितलं, आणि मला कळलं की हा घेणार. एक लाख नव्वद हजारापर्यंत बोलणं आलं. मी त्या सकाळी थेंब पुसला होता. होय, पुसला होता. सांगायचं की नाही हे ठरलं नव्हतं, पण पुसून ठेवला होता. हात आपला आपण ठरवतो.

मग तो पोरगा म्हणाला, "मामा, तुम्ही घरचं माणूस दिसताय, तुमच्या शब्दावर घेतो. अजून कायबी बघत न्हाय." वकिलाच्या पुस्तकातलं तिसरं उदाहरण असं माझ्या दारात येऊन उभं राहील, असं वाटलं नव्हतं. मी त्याला खाली वाकायला लावलं. ते भोक दाखवलं. सांगितलं, मागचं सील गेलंय, पंधरा दिवसाला अर्धा लिटर ऑईल लागतं, तोडून घ्यावा लागंल, वीस-पंचवीस हजार खर्च येईल, तेवढे कमी करून घे.

तो खाली वाकून बघत राहिला. पुसलेलं असल्यामुळं तिथं काही दिसतच नव्हतं. चुलता उठला. त्यानं पोराला बाजूला नेलं. चिंचेखाली दोघांचं बराच वेळ बोलणं चाललं. मग चुलता येऊन म्हणाला, "विचार करून फोन करतो." फोन आला नाही.

पोराला फोनवर सांगितलं तर तो काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "अण्णा, सांगायचं होतं तर धुतला कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. कारभारीण मात्र त्या रात्री नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त वाढत होती. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

शेवटी एप्रिलमध्ये एका जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यानं तो एक लाख साठला नेला. त्यालाही मी थेंब दाखवला. त्यानं बघितलंसुद्धा नाही. "मामा, हे असलं बोलत जाऊ नका कुणाशी," म्हणाला, "पॉलिश मस्त केलंय, माझं काम वाचलं." तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. म्हणजे हा ट्रॅक्टर आता माझ्याच वॅक्सवर कुणाला तरी विकला जाणार, आणि तिथं वाकून दाखवणारा मी नसणार. न देऊन सांगणार तरी काय? हप्त्याची तारीख दहा होती. ट्रॅक्टर ट्रकवर चढवायच्या आधी मी एका कागदावर लिहिलं, इंजिनाचं मागचं सील गेलं आहे, ऑईल बघत जावे, खाली माझा नंबर. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून टूल बॉक्समध्ये पान्यांच्या खाली ठेवला. पुढच्या मालकासाठी ठेवला की माझ्या झोपेसाठी, हे मला सांगता येणार नाही. व्यापाऱ्याच्या पोरानं पहिल्याच दिवशी टूल बॉक्स रिकामा केला असेल तर दोन्हीचा उपयोग नाही. अजून तरी कुणाचा फोन नाही.

त्यानंतर वर्षभरानं सांगोल्याच्या बाजारात शेळ्या बघत होतो तर मागून हाक आली, "मामा!" तोच जतचा पोरगा. त्यानं दुसरीकडं कुठं तरी ट्रॅक्टर घेतला होता. मला ओढत चहाच्या गाड्यावर नेलं. म्हणाला, "तुमचा गेला का? कितीला गेला?" मी सांगितलं. तो कप खाली ठेवून जरा पुढं झुकला.

"मामा, आता सांगा. रागावू नका. त्या ट्रॅक्टरात खरं काय होतं?"

"सांगितलं होतं की. सील."

"ते झालं. पर चुलता म्हणला, एवढा नव्यासारखा चकाचक करून ठेवलाय, आन् सील गेलं म्हणून सवता सांगतोय, म्हणजे आत कायतरी मोठं आसणार. बारकं सांगून मोठं झाकतोय."

"मोठं काही नव्हतं," मी म्हटलं.

तो हसला. वाईट हसू नव्हतं ते, पण पटल्याचंही नव्हतं. मी खिशात हात घातला तर त्यानं माझा हात धरला आणि दोन्ही चहाचे पैसे त्यानंच दिले.